एक ठोका म्हणजे सगळे बसले

ही गोष्ट खरी आहे.

असं इथे सगळेच लिहितात, हे मला ठाऊक आहे. या पानावरच्या गोष्टी मी रोज वाचतो आणि हे वाक्य आलं की मनात हसतोही. आता तेच लिहायची पाळी माझ्यावर आली आहे आणि दुसरं काही सुचत नाही.

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. छापखान्याच्या एका कोपऱ्यात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. त्या कामाने माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही, स्वतःच्या कानांवर तर नाहीच नाही. पण त्या दिवशी माझी मुलगी गाडीत होती. तिनेही ऐकलं. ती नसती तर मी हे कुणाजवळ बोललोही नसतो.

रात्र नव्हती, हे आधीच सांगतो.

हिवाळ्यातली दुपार होती. रविवार. ऊन स्वच्छ पडलं होतं. आमच्या घराकडून मुलीच्या शहराकडे जाणारा रस्ता डोंगर चढायला लागण्याआधी एका ठिकाणी रुंद होतो. तिथे पंक्चरवाल्याची टपरी आहे. टपरीच्या मागे एक मोठं झाड आहे.

जे झालं ते तिथे झालं.

पण आधी कारकुनाबद्दल सांगायला हवं.

कारकून म्हणजे आमचा कुत्रा. नाव बायकोने ठेवलं. "दारात बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतो, काम काही करत नाही आणि जेवला की झोपतो. हा कारकूनच," ती म्हणाली. नाव चिकटलं.

कारकुनाला गाडी लागायची.

आधी जांभया द्यायचा. मग ओठांवरून जीभ फिरवायचा. मग व्हायचं ते व्हायचं. त्यामुळे बायको कधी पुढे बसली नाही. ती मागे, बरोबर माझ्या सीटच्या पाठीमागे बसायची आणि कारकून तिच्या मांडीवर मान टाकून. त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं काम तिचं.

सुरुवातीला ती ओरडायची. "अहो, थांबा! थांबा, थांबा!"

त्याचा परिणाम उलटा व्हायचा. आरडाओरडा झाला की कारकून घाबरायचा, उडी मारून पुढे यायचा आणि माझ्या अंगावर मोकळा व्हायचा. एकदा तर वाचनालयाच्या पुस्तकावर झाला. मी पान न् पान पुसून वाळवलं. तरी ग्रंथपाल बाईंनी पुस्तक नाकाशी नेऊन विचारलंच, "काका, हे काय आहे?" मी पुस्तक तिथेच ठेवलं. तसाच घरी आलो.

"सांगायचं की," बायको म्हणाली, "समीक्षा आहे म्हणून."

तेव्हापासून आमच्या गाडीत एक पद्धत पडली. बोलायचं नाही. कारकुनाने जीभ फिरवली की ती मधल्या बोटाच्या पेराने माझ्या सीटच्या पाठीवर ठोकायची.

दोन ठोके म्हणजे थांबा.

मी गाडी बाजूला घ्यायचो. तो उतरायचा, मोकळा व्हायचा, परत चढायचा. ती आतून दार ओढून घ्यायची आणि पुन्हा ठोकायची.

एक ठोका म्हणजे सगळे बसले, निघा.

मागे वळून बघायचं नाही, हाही नियम होता. कारकून थोडा माझ्यासारखा. कुणी बघत असलं की त्याला काही करता यायचं नाही.

"घरात नवरा-बायको, गाडीत तारऑफिस," मुलगी म्हणायची.

इतकी वर्षं तिने ठोकलं की सीटच्या रेक्झिनवर त्या जागी एक गुळगुळीत, चकचकीत डाग पडला. बोटाच्या पेराएवढा.

गेल्या वर्षी तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हाही ती तशीच मागे बसली. कारकून आधीच गाडीत चढून बसला होता, उतरायला तयार नव्हता. "राहू दे त्याला," ती म्हणाली. तिला धड श्वास घेता येत नव्हता. मी चावी फिरवली, आणि गिअर न टाकता तसाच बसून राहिलो.

मागून तिने एकदा ठोकलं.

मी निघालो.

परत येताना ती आमच्या गाडीत नव्हती.

त्यानंतर कारकून रोज संध्याकाळी गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन बसायचा. मी दार उघडायचो. तो आत डोकावायचा. मग माझ्याकडे बघायचा, आणि घरात परत जायचा. मी दार लावून घ्यायचो.

वर्ष होत आलं तशी मुलगी मला न्यायला आली. "बाबा, एकटं राहणं पुरे झालं," म्हणाली. "कारकुनाला घ्या, पुस्तकं घ्या, चला." जावईही भला माणूस आहे. त्याने कारकुनासाठी गच्चीच्या दाराशी जागासुद्धा करून ठेवली होती.

जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कारकुनाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"म्हातारा झालाय. हृदय दमलंय," ते म्हणाले. "न्या, पण सावकाश न्या. थांबत थांबत न्या."

मला एवढंच हवं होतं. त्याला सुखरूप पोचवायचं. बायकोच्या हाताने वाढलेला तेवढाच एक जीव माझ्याजवळ उरला होता. मुलगी आहे, पण मुलगी तिच्या संसाराची. कारकून आमचा होता. तिची चादर त्याच्या अंगाखाली असायची, आणि त्याच्या मानेत नाक घातलं की अजून तिच्या तेलाचा वास यायचा. यायचा असं मला वाटायचं.

निघताना पहिली अडचण आली. मुलगी मागे बसायला गेली.

कारकून गुरगुरला.

तिच्यावर! जिच्या हातचं खाऊन मोठा झाला, तिच्यावर.

तो सीटच्या मधोमध बसला होता आणि माझ्या पाठीमागची जागा त्याने मोकळी ठेवली होती. तिथे तो कुणाला बसू देईना.

"बरं बाबा, साहेबांची मर्जी," मुलगी म्हणाली आणि पुढे येऊन बसली. हसली, पण डोळे पुसले तिने. मी पाहिलं.

तिला गाडी चालवता येत नाही. शेजारी बसून सूचना मात्र उत्तम देते. वाटेत ती फोनवर जावयाला सांगत होती, "हो, निघालोय कधीचे. पण बाबा चालवतायत ना! आत्ताच एक सायकलवाला पुढे गेला. हात करून गेला."

डोंगर दिसायला लागला होता. मी मनातल्या मनात वळणं मोजत होतो. मागे कुणी नाही. त्याने जांभई दिली तर कळणार कसं?

आणि तेवढ्यात...

टक टक.

माझ्या पाठीत. सीटमधून थेट मणक्याला लागलं.

पाय ब्रेकवर गेला. गाडी बाजूला घेतली. विचार नंतर आला.

"का थांबलात?" मुलीने फोन खाली घेतला.

"ठोकलं ना."

बोललो, आणि मग काय बोललो ते कळलं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुस्तकांची पेटी सरकली असेल."

"पेटी डिकीत आहे."

"मग शेपटी आपटली असेल त्याने."

तिलाही आवाज आला होता. आला नसता तर ती कारणं कशाला शोधत बसली असती?

तिने मागे पाहिलं. कारकून ओठांवरून जीभ फिरवत होता.

"बाबा... त्याला खरंच होतंय."

पंक्चरवाल्याची टपरी समोरच होती. तिने उतरून मागचं दार उघडलं. कारकून खाली आला. मला वाटलं, लगेच मोकळा होईल. झाला नाही. टपरीला वळसा घालून तो मागच्या झाडाकडे चालायला लागला.

तेव्हा मी त्याची चाल पाहिली.

बायकोचा एक गुडघा दुखायचा. फिरायला गेली की दर थोड्या पावलांनी ती थांबायची. कारकुनाला ते सवयीचं झालं होतं. तो चार पावलं जायचा, थांबायचा, मान वर करून तिच्याकडे बघायचा, आणि ती चालायला लागली की पुन्हा चालायचा. फक्त तिच्यासोबत. माझ्यासोबत कधीच नाही.

त्या दुपारी तो तसा चालत होता.

चार पावलं... थांबला... मान वर करून बघितलं... पुन्हा चार पावलं.

शेजारी कुणी नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं, म्हातारा झालाय, दम लागतो, म्हणून थांबतोय. अजूनही कधीकधी तेच सांगतो.

"काका, पुढच्या चाकात हवा कमी दिसतेय," पंक्चरवाला म्हणाला. "डोंगर चढणार ना? भरून देतो."

मी चाकाशी उभा राहिलो. मुलीला पुन्हा फोन आला. पंक्चरवाल्याने हवा भरली आणि हात धुवायला टपरीमागे गेला. मी गाडीत जाऊन बसलो. मागचं दार उघडंच होतं. नियमाप्रमाणे मी समोर बघत राहिलो.

मुलगी येऊन शेजारी बसली.

आणि मग...

गाडीचं मागचं अंग किंचित दबलं. आमच्या जुन्या गाडीची स्प्रिंग कुरकुरते, ती कुरकुरली. चादरीवर नखं वाजली. झोपण्याआधी तो स्वतःभोवती गोल फिरतो, तसा फिरल्याचा आवाज. मग एक लांब उसासा.

दार लागलं.

टक.

एक ठोका.

मी चावी फिरवली आणि निघालो.

तुम्ही म्हणाल, तेव्हा भीती वाटली नाही का? नाही वाटली. हेच मला अजून समजत नाही. वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. सगळं जागच्या जागी असल्यासारखं. मुलगीही काही बोलली नाही. नंतर तिने सांगितलं, तिलाही ठोका ऐकू आला होता. तिला वाटलं, जुनी सवय म्हणून मीच कुठेतरी ठोकलं. आणि दार मला वाटलं तिने लावलं, तिला वाटलं मी.

चढण सुरू झाली. एकामागून एक वळणं.

माझ्या मानेवर मागून श्वास लागत होता. उबदार, ओलसर.

"झोपला का हो?" मुलीने विचारलं.

"माझ्या मानेशी आहे. श्वास लागतोय."

"जांभई?"

"नाही."

मोठी वळणं गेली. एकही जांभई नाही. तो दर वेळी जिथे हमखास ओकायचा, ते वळण गेलं. काहीच नाही.

"कारकून सुधारला," मुलगी म्हणाली. "आता बढती द्या त्याला."

माथ्यावर पोचलो तेव्हा तिने बिस्किटाचा पुडा फोडला. एक बिस्किट तळहातावर ठेवलं आणि मागे न बघता दोन सीटांमधून हात मागे नेला.

"घ्या, साहेब."

थोडा वेळ ती तशीच बसली. मग हसली.

"नाक लागलं. गार आहे अजून."

हात पुढे घेतला.

बिस्किट तळहातावर तसंच होतं.

कारकून बिस्किट सोडत नाही. कधीच नाही. ती वळली.

मी तिचा चेहरा बघितला नाही, रस्त्याकडे बघत होतो. पण तिचा आवाज अजून कानात आहे. अगदी हळू, लहान होती तेव्हा अंधारात बोलायची तसा.

"बाबा... गाडी थांबवा."

मागची सीट रिकामी होती.

दारं बंद. काचा फक्त हवेपुरत्या खाली. त्यातून मांजर गेलं नसतं.

मी उतरून मागचं दार उघडलं. सीटखाली पाहिलं. डिकी उघडली. पुस्तकांची पेटी होती. बाकी काही नव्हतं.

चादरीवर गोल खळगा पडला होता. मी त्यावर हात ठेवला.

ऊब होती.

आणि खळगा मधोमध नव्हता. निघताना कारकून मधोमध बसला होता, हे मी सांगितलं. खळगा माझ्या सीटच्या पाठीमागे सरकलेला होता. ती असताना तो तिला खेटून झोपायचा, तिथे. त्याच्या पलीकडे, तिच्या जागेवर, चादर ताणून खाली दबलेली होती...

मुलीने ते पाहिलं. मीही पाहिलं.

गाडी वळवली. उतारावर मी आयुष्यात चालवली नाही इतकी जोरात चालवली. मुलगी एकदाही "सावकाश" म्हणाली नाही.

पंक्चरवाला रस्त्याच्या कडेलाच उभा होता. आम्हाला बघून धावत आला.

"अहो काका, किती हाका मारल्या मी! ऐकलंच नाहीत!"

तो आम्हाला टपरीमागे घेऊन गेला.

झाडाखाली कारकून आडवा होता. पंक्चरवाल्याने त्याच्यावर एक स्वच्छ पोतं घातलं होतं. शेजारी वाटीत पाणी ठेवलं होतं, तसंच भरलेलं.

मुलगी पोत्याशेजारी खाली बसली.

"मी हात धुवायला मागे आलो ना," पंक्चरवाला सांगत होता, "तेव्हा हा पडलेलाच होता. आधी वाटलं झोपला. शेपटी हलत होती. मान वर करून कुणाकडे तरी बघत होता. मी मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. पाणी आणून ठेवलं, तोवर शेपटी थांबली. खेळ खलास. मी पळत पुढे आलो तर तुमची गाडी निघतच होती."

"म्हणजे आम्ही निघालो तेव्हा..." मी म्हणालो.

"तेव्हा तो गेलेला होता, काका."

तो जरा घुटमळला.

"मला वाटलं, तुमच्या मागच्या बाईंनी पाहिलं असेल त्याला. त्यांनी तरी सांगायला हवं होतं."

"कुठल्या बाई?" मुलीने मान वर केली.

"म्हणजे, चेहरा नाही दिसला मला, हात बाईमाणसाचा वाटला. पण मागचं दार आतून ओढून घेतलं ना कुणीतरी. तुम्ही दोघं तर पुढे होतात."

वाऱ्याने झाडाची पानं वाजली.

त्याने फावडं दिलं. खणायला मदत केली. मी कारकुनाच्या मानेत एकदा नाक घातलं. वास होता. मग त्याला तिच्या चादरीत गुंडाळलं. चादर आता गार झाली होती.

माती लोटताना मुलगी रडत म्हणाली, "आपण त्याला टाकून गेलो, बाबा. एकट्याला."

"एकट्याला नाही," मी म्हणालो.

परत गाडीत बसलो. मुलगी या वेळी मागे बसली, तिच्या आईच्या जागेवर. गुरगुरायला कुणी नव्हतं. दार लागलं.

मी चावी फिरवली नाही.

आम्ही दोघं कशाची वाट बघत होतो, ते दोघांनाही ठाऊक होतं.

ऊन उतरत चाललं. पंक्चरवाला टपरीच्या दारातून आमच्याकडे बघत उभा होता.

शेवटी मुलीने हात उचलला. तिचं बोट माझ्या सीटच्या पाठीवर टेकल्याचं मला जाणवलं. त्या गुळगुळीत डागावर.

"नको," मी म्हणालो. "तू नको."

तिने हात मागे घेतला. मी तसाच निघालो.

याला बरेच महिने झाले. आता मी मुलीकडे राहतो. गच्चीच्या दाराशी केलेली जागा तशीच आहे, कुणी आवरलेली नाही. गाडी जावई चालवतो. मध्यंतरी तो म्हणाला, "बाबा, सीटकव्हर किती झिजलंय, बदलून टाकू." मुलगी त्याच्यावर अशी ओरडली की बिचारा पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

मी रोज विचार करतो. आयुष्यभर चुका शोधल्या, तसा त्या दुपारचा एकेक क्षण तपासतो. पेटी, शेपटी, जुन्या गाडीचे आवाज, दोन दुःखी माणसांचे भास. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण सापडतं. एका ठोक्याला सापडत नाही.

कारण ती चुकायची नाही. सगळे बसल्याशिवाय तिने कधीच ठोकलं नव्हतं. त्या दुपारी तिने एकदा ठोकलं. म्हणजे तिच्या लेखी सगळे बसले होते. कारकून, मुलगी, मी, ती. माथ्यापर्यंत आम्ही चौघं एकत्र गेलो. तेवढंच.

मग ती दोघं उतरून गेली. कुठे, ते मला सांगितलं नाही.

त्यानंतर ठोका आलेला नाही.

आम्ही कुठे निघालो की मी मागे बसतो, चालवणाऱ्याच्या पाठीमागे. तिच्या जागेवर नव्हे, जरा सरकून. माझं बोट त्या डागापर्यंत सहज पोचतं. मी ठोकत नाही. मागचं दार जरा वेळ उघडं ठेवतो, मग आतून ओढून घेतो.

जावई आरशातून विचारतो, "निघायचं ना, बाबा? बसले सगळे?"

गाडीत आम्ही तिघंच असतो.

"थांब जरा," मी म्हणतो.

मुलगी नवऱ्याच्या हातावर हात ठेवते. तो चावीवर हात ठेवून समोर बघत बसतो.

आणि आम्ही कान देऊन बसतो...